तंबाखूच्या मुलखातील निर्धूम पिढी

सन १६०४ च्या सुमारास मोगल बादशहा अकबराचा असदबेग नावाचा एक वकील विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला होता. परतीच्या वेळी बादशहासाठी नजराणे जमवताना त्याला विजापुरात एक नवी वस्तू दिसली. ती होती तंबाखू. हिंदुस्थानात आपण असे काही पूर्वी पाहिले नव्हते, असे त्याने आपल्या वृत्तान्तात नमूद केले आहे. त्याने थोडी तंबाखू आणि रत्ने जडवलेली एक सुंदर चिलीम बरोबर घेतली आणि आग्र्यास बादशहापुढे ठेवली. अकबराने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. शाही हकिमाने मात्र त्याला पुढे ओढू दिले नाही. या पाल्याचे गुणदोष आपल्या ग्रंथांत सांगितलेले नाहीत, परीक्षा केल्यावाचून परक्यांची रीत का उचलावी, असा त्याचा आक्षेप होता. बादशहाने ती सवय लावून घेतली नाही. दरबारातील उमरावांनी मात्र असदबेगाकडून तंबाखू मागून नेली, व्यापाऱ्यांनी ती विकायला आणली आणि पाहता पाहता तिचा प्रसार झाला.

त्या काळी बेळगाव परगणाही आदिलशाहीतच होता. म्हणजे तंबाखूचा उत्तरेकडील प्रवास ज्या राज्यातून सुरू झाला, त्याच राज्याचा आपला मुलूख हा एक भाग होता. आदिलशाहीच्या पश्चिमेस गोव्यात पोर्तुगीज होते. अमेरिका खंडातील हे रोप त्यांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर उतरले आणि त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आले. ‘तंबाखू’ हा आज घरचाच वाटणारा शब्द मूळचा पोर्तुगीज ‘तबाको’ आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने धूम्रपानावर बंदी घातली आणि इराणच्या शाह अब्बासनेही तसेच केल्याची नोंद आपल्या आत्मचरित्रात केली. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तर १६०४ मध्येच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहून प्रसिद्ध केली होती. राजाज्ञा झाल्या, ग्रंथ झाले. धूर काही थांबला नाही.

हा जुना वृत्तान्त येथे सांगण्याचे कारण असे की, तरुणांनी धूम्रपानापासून दूर राहावे, हा उपदेश आपण बहुधा एखाद्या आरोग्यपत्रकाच्या भाषेत करतो. बेळगाव-निपाणीच्या टापूत तो उपदेश तेवढ्याने पुरा होत नाही. येथे तंबाखू ही केवळ पानपट्टीवर मिळणारी वस्तू नाही. तिच्यावर येथील शेती उभी राहिली, पेठ वाढली, संसार चालले, मोर्चे निघाले आणि गोळीबारही झाला. अशा मुलखातील मुलाला ‘तंबाखू वाईट’ एवढेच सांगितले, तर त्याच्या मनात प्रश्न उभा राहणारच: मग आमच्या आजोबांनी आयुष्यभर केले ते काय? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर या पानाचा सगळा इतिहास त्याच्यापुढे मांडावा लागेल.

निपाणी हे निपाणकर निंबाळकरांच्या संस्थानाचे गाव. पेशवाईच्या उत्तरकाळात सिद्धोजीराव निंबाळकरांनी त्याला नावलौकिक मिळवून दिला. पुढे संस्थान गेले, पेठ मात्र राहिली. कोल्हापूर, बेळगाव आणि कोकणात उतरणारे घाट यांच्यामधल्या मोक्याच्या जागेमुळे ती वाढत गेली. आसपासची काळी कसदार जमीन बिडीच्या तंबाखूला मानवणारी निघाली. विसाव्या शतकात निपाणीचे नाव तंबाखूशी असे जोडले गेले की, या पिकाच्या संशोधनासाठी एक कृषी संशोधन केंद्रही येथे आले.

ज्यांच्या घरात हे पीक होते, त्यांना त्याचे कष्ट सांगायला नकोत. पावसाळ्याच्या तोंडी रोपवाटिका करायची, रोपे लावायची, पुढे प्रत्येक झाडाचा शेंडा खुडायचा आणि पुन्हा पुन्हा येणारे फुटवे हाताने काढायचे. शेंडा खुडल्याने झाडाची शक्ती फुलाकडे न जाता पानात उतरते. पान जाड होते आणि त्यातील निकोटीन वाढते. बिडीच्या तंबाखूला जो ‘कडकपणा’ हवा असतो, तो असा माणसाच्या हाताने घडवलेला असतो. ओल्या पानांत काम करणाऱ्याच्या अंगात हे निकोटीन कातडीवाटेही शिरते. मळमळ, चक्कर, डोकेदुखी हे त्याचे परिणाम वैद्यकशास्त्राने नोंदवलेले आहेत. पान वाळले की माल वखारीत येतो. तेथे तो कुटायचा, चाळायचा, प्रतवारी करायची. हे काम प्रामुख्याने बायकांचे. वखारीतील हवेत तंबाखूची धूळ सदैव तरंगत असे आणि ती धूळ श्वासाबरोबर आत घेतच त्या बायकांनी संसार चालवले.

निपाणीच्या तंबाखूला बाजार मिळवून दिला तो बिडीने. टेंभुर्णीच्या पानात थोडी तंबाखू गुंडाळून दोऱ्याने बांधलेली ही स्वस्त वस्तू विसाव्या शतकाच्या आरंभापासून झपाट्याने पसरली. त्या प्रसाराला एक अनपेक्षित हात लाभला तो स्वदेशीच्या चळवळीचा. परदेशी सिगारेटवर बहिष्कार पडला, पण ओढण्याची सवय गेली नाही. तिने फक्त स्वदेशी बिडी हाती धरली. देशप्रेमाच्या भरात धुराचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. यात त्या पिढीला दोष देण्याचे कारण नाही, कारण धुराचे विज्ञानच तेव्हा सिद्ध झालेले नव्हते.

तरीही त्याच काळातला एक आवाज येथे आठवला पाहिजे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे, आणि गंगाधरराव देशपांडे यांच्या परिश्रमांनी ते पार पडले, हा आपल्या गावाचा अभिमानाचा विषय आहे. त्यानंतर वर्षभरातच गांधीजींची आत्मकथा क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तीत त्यांनी आपल्या बालपणीच्या धूम्रपानाची हकिकत मोकळेपणाने सांगितली आहे. काका सिगारेट ओढत. त्यांना धुराचे ढग सोडताना पाहून आपणही तसे करावे, असे त्या कुमारवयातील मोहनला आणि त्याच्या एका नातलगाला वाटले. पैसे नव्हते, म्हणून काकांनी टाकलेली थोटके उचलली. थोटके पुरेनात, तेव्हा विड्या घेण्यासाठी नोकराच्या खिशातील पैसे चोरले. धुरात काही सुख होते असे नाही. धूर सोडण्याची हौस होती, असे ते लिहितात. या हकिकतीत मुलांच्या व्यसनाची सारी पायरीवार रीत आली आहे: घरातील वडीलधाऱ्याचे उदाहरण, सोबत्याची साथ, मोठे झाल्याचा भास, आणि मग लपवाछपवी व चोरी. शंभर वर्षांनंतरही ही रीत बदललेली नाही.

आता सरकारदरबारी या पिकाचे काय स्थान होते, ते पाहू. १९४३ मध्ये केंद्राने तंबाखूवर अबकारी कर बसवला. तेव्हापासून १९७९ मध्ये न बनवलेल्या तंबाखूवरील हा कर उठेपर्यंत शेतकऱ्याच्या घरातील तंबाखूचा हिशेब सरकारला द्यावा लागे. प्रस्तुत लेखकाने राज्य शासनाच्या सेवेत असताना पिकांच्या अनेक नोंदवह्या हाताळल्या. त्यांत क्षेत्र असे, उत्पन्न असे, आकार असे. हा माल शेवटी कोणाच्या छातीत जातो, याचा रकाना कोठेच नव्हता. सरकारी कागदातच नव्हे, आपल्या बोलण्यातही तो नव्हता. ‘यंदा तंबाखूला काय भाव?’ हा प्रश्न आपल्या ओसरीवर दर वर्षी विचारला गेला. तंबाखूने माणसाचे काय होते, हा प्रश्न तेथे क्वचितच निघाला.

आणि उत्तर तर जवळच तयार होत होते. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज संशोधकांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मराठी संशोधक कर्करोगाचा अभ्यास करीत होते. संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध तपासणारा शोधनिबंध १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे साठच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यात एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली. म्हणजे हे ज्ञान परदेशातले किंवा पुस्तकी नव्हते. ते आपल्याच बोलीभाषेच्या मुलखात, आपल्यासारख्याच माणसांना तपासून मिळवलेले होते. परंतु १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि आपल्या सीमाभागाचे सारे लक्ष दुसऱ्याच प्रश्नाने वेधून घेतले. खानोलकरांचा निबंध आपल्या ओसरीपर्यंत पोहोचला नाही.

तंबाखूविषयी जे आवाज उठले, ते कष्टकऱ्यांच्या न्यायाचे होते आणि ते उठायलाच हवे होते. १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला, १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधीचा. कायदे कागदावर होते. निपाणीच्या वखारींतील बायकांना मात्र किमान मजुरीसाठी संघटित होऊन झगडावे लागले. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संघटन उभे केले. अनिल अवचट यांनी या बायकांची परिस्थिती प्रत्यक्ष पाहून लिहिली, तेव्हा उभ्या महाराष्ट्राला निपाणीची दुसरी बाजू कळली. पाठोपाठ मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. हजारो माणसे कुटुंबकबिल्यासह रस्त्यावर राहिली. तेथे जणू एक गावच वसले होते, आणि त्याला ‘आंदोलननगर’ हे नाव पडले. ६ एप्रिल १९८१ रोजी ते आंदोलन मोडून काढताना गोळीबार झाला आणि त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. ही हकिकत आपल्या भागातील वृद्धांना सांगावी लागत नाही. तरुणांना मात्र ती आता सांगावी लागते.

येथे एक विवेक करणे आवश्यक आहे. शेतकऱ्याला घामाचे दाम मिळावे, ही मागणी न्याय्य होती. वखारीतील बाईला किमान मजुरी मिळावी, हीही मागणी न्याय्य होती. परंतु त्या न्याय्य मागण्यांमुळे तंबाखू ही वस्तू निरुपद्रवी ठरत नाही. आपल्या भागात या दोन गोष्टींची नकळत गल्लत झाली. तंबाखूविरुद्ध बोलणे म्हणजे शेतकऱ्याविरुद्ध बोलणे, निपाणीविरुद्ध बोलणे, असे वाटू लागले आणि भिडेपोटी शिक्षक, पुढारी, संपादक, कुटुंबप्रमुख असे सगळेच गप्प राहिले. ज्या पेठेने शाळा-कॉलेजांना उदार हाताने मदत केली, तिच्या मालाबद्दल त्याच शाळेत वाईट कसे बोलावे, हाही संकोच होताच. या मौनाची किंमत मात्र त्या भिडेत सामील नसलेल्या मुलांनी मोजली.

अजूनही कोणी विचारील की, तरुणांनी धूम्रपान सोडले तर शेतकऱ्याचे आणि बिडी कामगाराचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे अर्धे उत्तर आपल्या शिवारानेच दिले आहे. दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर ऊस वाढला, सोयाबीन आले आणि निपाणी परिसरात तंबाखूचे क्षेत्र पूर्वीइतके उरले नाही. हा बदल कोणा सुधारकाच्या व्याख्यानाने झाला नाही. पाणी, बाजार आणि मजुरीचा हिशेब पाहून शेतकऱ्यानेच तो केला. उरलेल्या कामगारांना पर्यायी रोजगार मिळवून देणे ही शासनाची आणि समाजाची जबाबदारी आहे, आणि ती टाळता येणार नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाने बिडी ओढावी म्हणजे वखार चालेल, असे त्या वखारीत काम करणारी बाईसुद्धा कधी म्हणणार नाही. आपले मूल शिकावे आणि या धुळीतून बाहेर पडावे, यासाठीच तर तिने ते कष्ट उपसले.

आता आजची स्थिती. देशातील प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी मोठी पाहणी २०१६-१७ मध्ये झाली, तिच्यानुसार भारतात २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. २००९-१० च्या पाहणीत हे प्रमाण ३४.६ टक्के होते. म्हणजे घट होऊ शकते, हे सिद्ध आहे. याच पाहणीत कर्नाटकात धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ८.८ टक्के, तर महाराष्ट्रात ३.८ टक्के आढळले. उलट न ओढता चघळण्याचे किंवा मिश्रीसारखे लावण्याचे प्रमाण महाराष्ट्रात २४.४ टक्के, तर कर्नाटकात १६.३ टक्के निघाले. सीमाभागातील आपल्या समाजात या दोन्ही सवयी शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा एकीला हाकलताना दुसरी मागच्या दाराने येणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल.

याहून मन विषण्ण करणारे आकडे मुलांचे आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयोगटातील शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखू वापरणारी आढळली. त्यातही बिडी ओढलेल्या मुलांपैकी ४७ टक्के मुलांनी पहिली बिडी वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधी ओढली होती. सिगारेटच्या बाबतीत हे प्रमाण ३८ टक्के होते. दहा वर्षांचे मूल म्हणजे चौथी-पाचवीतले. त्याला बिडी कोण देते? बहुतेक वेळा ती त्याला घरातच सापडते, किंवा कोणासाठी तरी आणायला पाठवले असता वाटेत त्याच्या हाती येते.

बिडीबद्दल आणखी एक गैरसमज आहे. ती पानाची, गावठी, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने ओढावी लागते. परिणामी निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सिगारेटपेक्षा अधिक प्रमाणात आत जातो. ओढलेल्या धुरातील निकोटीन काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून कोवळ्या वयात लागलेली ही सवय अधिक खोल रुतते. प्रौढपणी धूम्रपान करणाऱ्या बहुसंख्यांनी सुरुवात किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात केलेली असते. विशी-पंचविशी धुराविना पार पडली, तर पुढे ही सवय लागण्याचा संभव फार कमी.

ज्यांनी सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठीही दार बंद झालेले नाही. डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी जातो. पण तिशीच्या सुमारास सवय सोडली, तर ती गेलेली वर्षे जवळजवळ सगळी परत मिळतात. तरुणांना भीती घालण्यापेक्षा हे सांगणे अधिक उपयोगी आहे. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक ठेवला आहे.

कायद्याची मदत आता पुष्कळ आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शाळा-कॉलेजांच्या १०० यार्डांच्या आत ती विकण्यास बंदी केली. २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीपासून, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक नियम लागू झाले. सुटी सिगारेट हीच मुलांची पहिली पायरी असते, हे ओळखून कर्नाटकाने २०१७ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली. कर्नाटकाने २०१६ मध्ये व देशाने २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी आणली. २०२५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने कर्नाटकाने तंबाखू विक्रीची वयोमर्यादा अठरावरून एकवीस केली, हुक्का बारवर बंदी घातली आणि सार्वजनिक धूम्रपानाचा दंड एक हजार रुपयांपर्यंत वाढवला.

पण कायद्यालाही हद्द असते आणि आपल्याला तर ती रोज दिसते. निपाणीतील कितीतरी मुले अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात शिकतात. महाविद्यालय गावाला लागूनच असले, तरी ते महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला जी सिगारेट निपाणीच्या दुकानदाराने विकणे गुन्हा आहे, ती हद्दीपलीकडच्या दुकानदाराला विकता येते. वर्गाला जाण्याच्या वाटेवरच कायदा बदलतो. शिवाय २०२५ मध्येच वस्तू व सेवा कर परिषदेने बिडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला. एका हाताने वयोमर्यादा वाढते आणि दुसऱ्या हाताने वस्तू स्वस्त होते. अशा स्थितीत मुलाचे रक्षण करणारी खरी चौकी त्याच्या घराचीच राहते.

हे काम घराघरांतून होऊ शकते, याची उदाहरणे आहेत. गडचिरोली हा टेंभुर्णीच्या पानाचा, म्हणजे तेंदूपत्त्याचा जिल्हा. बिडीचे वेष्टण तिकडच्या जंगलातले आणि आतली तंबाखू आपल्याकडची, असा या दोन भागांचा जुना संबंध. त्याच गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्टच्या साहाय्याने ‘मुक्तिपथ’ हे दारू व तंबाखू कमी करण्याचे काम गावोगावी चालवले. मुंबईत ‘सलाम बॉम्बे फाउंडेशन’ने २००२ पासून शाळकरी मुलांनाच या कामाचे कार्यकर्ते बनवले. तेंदूपत्त्याचा जिल्हा हे करू शकतो, तर तंबाखूच्या तालुक्याने मागे राहण्याचे कारण नाही.

आपल्या जुन्या घराण्यांना यात विशेष करण्यासारखे आहे. आपल्याकडे पानसुपारीचे तबक आणि चंची ही आतिथ्याची खूण होती. लग्नकार्यात त्या तबकात सिगारेटची पाकिटेही मांडली जात. पानसुपारी राहू द्यावी, तंबाखू आणि सिगारेट तेवढी वगळावी. धाकट्याला बिडीचे बंडल किंवा तंबाखूची पुडी आणायला पाठवण्याची प्रथा बंद करावी. ज्या आजोबांना सवय सुटत नाही, त्यांनी निदान नातवंडांसमोर ओढू नये. आणि जमल्यास ‘मला ही सोडता आली नाही, तू धरू नकोस’ असे नातवाला जवळ बसवून एकदा सांगावे. अशा एका वाक्याचे वजन शाळेतल्या दहा भाषणांना येणार नाही. शाळांनी ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनी सुट्ट्या असतात, म्हणून तो विषय सोडून देऊ नये. ६ एप्रिलला आंदोलननगरचा इतिहास सांगावा आणि त्याबरोबरच खानोलकरांच्या संशोधनाचाही.

कारण हा दोन्ही मिळून आपलाच वारसा आहे. ज्यांनी हे पीक पिकवले, ज्यांनी ते वखारीत चाळले, ज्यांनी त्याच्या भावासाठी रस्त्यावर प्राण दिले, त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगणे आणि त्यांच्या नातवंडांना त्या धुरापासून दूर ठेवणे, यात विसंगती नाही. त्यांनी तंबाखूसाठी तंबाखू पिकवली नाही; मुलाबाळांच्या सुखासाठी पिकवली. चारशे वर्षांपूर्वी आग्र्याच्या दरबारात एका हकिमाने जी साधी शंका काढली होती, तिचे उत्तर आता निःसंशय मिळालेले आहे. त्या दरबारातील उमरावांपुढे ते उत्तर नव्हते. आपल्यापुढे आहे. ते पुढच्या पिढीपर्यंत आपल्या भाषेत आणि आपल्या घरातून पोहोचवणे एवढेच आता आपल्या पिढीकडे उरले आहे.